चाल आपली आपण धरायची

पहाटेचे पाच वाजायला आलेत. सांगली फाट्यावरच्या चहाच्या गाड्यानं नुकताच स्टोव्ह पेटवलाय. महामार्गावर पुण्याकडं आणि बेळगावकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग तुटत नाही. आतल्या रस्त्यावर मात्र शांत आहे. एका फाउंड्रीच्या शेडवरचं आभाळ तांबूस दिसतं, कारण आत रात्रपाळीचा लोखंडाचा रस ओतायचं काम चाललंय. त्या फाउंड्रीच्या गेटसमोर, रस्त्याच्या दिव्याखाली, आमची माणसं जमतात.

आज अकरा जण आलेत. त्यांत दोघे सेकंड शिफ्ट करून रात्री अकराला सुटलेले, जेमतेम चार तास झोपलेले. तिघांना सातला फर्स्ट शिफ्टचं कार्ड पंच करायचंय, म्हणजे सव्वासहाच्या आत पळणं संपलं पाहिजे. एक मोल्डर आहेत, पन्नाशी ओलांडलेले, त्यांना सगळे मामा म्हणतात. कोअर शॉपमध्ये काम करणाऱ्या एक ताई आहेत. एक शाळामास्तर, एक सीएनसी ऑपरेटर, स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवणारा एक जण, आणि आयटीआयची दोन पोरं, ज्यांना अजून सगळंच सोपं वाटतं. क्लब म्हणावं तर ना नोंदणी, ना ऑफिस. एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि रोज रात्री साडेनऊला त्यावर एकच प्रश्न येतो : उद्या कोण?

आमच्याकडं धावत नाहीत, पळतात. 'धावणं' बातमीत असतं. 'काय, आज किती पळालास?' असंच विचारतात. म्हणून मीही या लेखात पळणंच लिहिणार आहे.

गाव पुलाची शिरोली. पंचगंगेवरच्या पुलावरून हे नाव पडलं. पुलाच्या पलीकडं कोल्हापूर शहर, अलीकडं हातकणंगले तालुका आणि महामार्गाला लागून एमआयडीसी. ओतकाम, मशीन शॉप, फेटलिंग, पॅटर्न, पेंट. देशातल्या कितीतरी गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या पोटातले लोखंडी भाग या परिसरातल्या साच्यांतून निघतात. उसाच्या चरकांची आणि ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता कोल्हापूरच्या मिस्त्रींनी जे शिकून घेतलं, त्याचंच हे वाढलेलं रूप. आधी उद्यमनगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. नदी इतकी जवळ आहे की 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात इथं महामार्गावरच पाणी आलं आणि पुणे–बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. ज्या रस्त्यावर आम्हाला एरवी ट्रकांच्या भीतीनं कडेकडेनं पळावं लागतं, त्याच रस्त्यावर तेव्हा एकही चाक नव्हतं. पण तेव्हा पळायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जो तो पुराच्या पाण्यातून माणसं आणि जनावरं बाहेर काढण्यात होता.

पळण्याकडं ही माणसं वळली कशी, हे मी प्रत्येकाला विचारत आलोय. उत्तरं साधी मिळतात. साखर निघाली. पोट सुटलं. पोरगं म्हणालं, पप्पा तुम्ही दमता. एकाला शेजाऱ्यानं शर्यतीचा टी-शर्ट दाखवला, तेवढंच निमित्त. मामांचं उत्तर वेगळं होतं, आणि हा लेख मी त्या उत्तरासाठीच लिहितोय. ते म्हणाले, "तीस वर्षं भट्टीच्या चालीनं चाललो. आपली स्वतःची चाल काय आहे, ते एकदा बघावं म्हटलं."

फाउंड्रीत उभं राहिल्याशिवाय या वाक्याचं वजन कळत नाही. ओतीव लोखंड साधारण 1,150 ते 1,200 अंश सेल्सिअसला वितळतं. साच्यात ओतताना ते 1,350 ते 1,400 च्या घरात असतं. भट्टीतून लेडलमध्ये आलेला रस कुणासाठी थांबत नाही. दर मिनिटाला तो थंड होत जातो आणि ठरल्या उष्णतेखाली गेला की साच्याचे कोपरे भरत नाहीत, माल रिजेक्ट. म्हणून साचे आधी तयार पाहिजेत, माणूस जागेवर पाहिजे, लेडल पुढं सरकलं की पाय पुढं पडलेच पाहिजेत. भट्टीच्या एका वितळणीला इथं 'हीट' म्हणतात. दिवसाला किती हीट झाल्या, यावर पाळीचा हिशेब. मैदानी स्पर्धांतल्या प्राथमिक फेरीलाही हीटच म्हणतात, हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिथं तरी पळणारा आधी उभा राहतो, मग बार उडतो. हितं बार आधीच उडालेला असतोय."

या उष्णतेनं त्यांना एक गोष्ट मात्र दिली आहे. उन्हात दहा-चौदा दिवस अंगमेहनत केली की शरीर बदलतं. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. परदेशातले मोठे धावपटू उन्हाळी शर्यतींआधी यासाठी मुद्दाम गरम खोल्यांत सराव करतात. मामा तीस वर्षं त्या खोलीत पगारावर आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या शर्यतीत नऊनंतर ऊन चढायला लागलं की शहरातली, चांगल्या बुटांतली, तरणीताठी मंडळी रस्त्याच्या कडेला झाडाखाली दिसायला लागतात, आणि मामा त्याच चालीनं त्यांच्या शेजारून निघून जातात. त्यांच्या खिशात मीठ-साखरेची पुडी असते आणि लिंबाची एक फोड. जेल वगैरे त्यांनी एकदा खाऊन बघितलं. नको म्हणाले.

उष्णतेनं दिलंय तसं धुळीनं काढूनही घेतलंय. साचे वाळूचे असतात. नॉकआऊट आणि फेटलिंगला, म्हणजे साचा फोडताना आणि ओतलेला माल घासून साफ करताना, ती वाळू बारीक होऊन हवेत उडते, आणि सिलिकाची ती धूळ वर्षानुवर्षं छातीत बसली तर सिलिकोसिस होतो. फुप्फुसं घट्ट होत जातात आणि त्या रोगाला माघार नाही. फेटलिंगमधला आमचा एक गडी दोन किलोमीटरनंतर खोकायला लागायचा. आम्हाला वाटलं, सराव कमी पडतोय. त्याला एक्स-रे काढायला लावला तो ग्रुपमधल्या ताईंनी, महिनाभर मागं लागून. वेळेत कळलं, खातं बदलून मिळालं. आता तो पळत नाही, दर रविवारी सायकलवरून पाण्याच्या बाटल्या घेऊन आमच्यासोबत येतो. मास्क नीट लावा, ओली वाळू कोरडी पडू देऊ नका, वर्षाला छाती तपासा : हे सांगणं कामगार खात्याचं आणि कारखान्याचं काम आहे, आणि ते झालंच पाहिजे. पण छाती भरून येते कुठं, हे माणसाला पहिल्यांदा कळतं ते चढावर.

कोल्हापूरला शरीर कमवायचं शिकवावं लागत नाही. खासबाग मैदान 1912 पासून उभं आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले आणि 1952 ला हेलसिंकीहून कुस्तीतलं ब्राँझ घेऊन आले. 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. पण या सगळ्यात पळणं कायम दुय्यम राहिलं. तालमीत पळायचं ते दम वाढावा म्हणून, कुस्तीसाठी. पळण्यासाठी पळणारा माणूस आमच्या गावाला अजूनही थोडा विचित्रच वाटतो. 'पैलवान आहेस काय?' 'नाही.' 'भरतीची तयारी?' 'नाही.' 'मग?' या 'मग'चं उत्तर देता देता आमच्या सीएनसीवाल्याला दोन वर्षं लागली.

खरं तर या मुलखाकडं तेही उत्तर होतं, आपण विसरलो. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले अनवाणी पळाला आणि दोराबजी टाटांच्या नजरेत भरला. पुढच्याच वर्षी तो अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला उभा राहिला. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा थोडी लांब होती, 42.75 किलोमीटर. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत 19 वा आला. मी हा हिशेब रस्त्याकडेला बसून पोरांना करून दाखवला : दर किलोमीटरला चार मिनिटं, सलग पावणेतीन तासांहून जास्त. आयटीआयच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी ईर्ष्येनं त्या चालीनं पळायचं ठरवलं. साडेतीन किलोमीटरवर, टोप गावाच्या अलीकडं, दोघेही गुडघ्यावर हात टेकून उभे होते. एक म्हणाला, "सर, ह्यो माणूस अनवाणी पळायचा?" महामार्गानं सरळ खाली गेलं की त्याचं गाव, दोन-अडीच तासांवर. नाव मात्र त्या पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं.

रस्त्यावरची शर्यत घड्याळाशी असते. रस्ता सपाट असला की प्रत्येक किलोमीटरला घड्याळ मनगटावर थरथरतं आणि आकडा सांगतं. पावणेसहा, सहा, सहा-दहा. गिरणीत पीस मोजतात तसं. त्यामुळं रस्त्यावर चांगला पळणारा कामगार डोंगरावर पहिल्यांदा गेला की हमखास फसतो. तो तीच चाल चढावर ओढायला बघतो. आमचा डोंगर म्हणजे जोतिबा. शिये, भुये, कुशिरे, पोहाळे, मग गिरोलीकडून चढ. पन्हाळा आणि जोतिबा शहरापेक्षा साधारण 400 मीटर उंच आहेत, आणि ती उंची शेवटच्या काही किलोमीटरांत एकदम अंगावर येते. सीएनसीवाला पहिल्यांदा आला तेव्हा पोहाळ्याच्या पुढं त्याची नाडी एवढी चढली की त्याला दगडावर बसवावं लागलं. त्याच्या शेजारून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी चालत वर गेली. ती पळत नव्हती. ती थांबतही नव्हती.

चढावर चालणं म्हणजे हरणं नाही, हे आमच्यात सगळ्यात आधी ताईंना कळलं. त्यांचा हिशेब सोपा : बोलता येईल एवढंच पळायचं, बोलणं तुटलं की चालायचं, हात मांडीवर दाबून, कंबरेतून पुढं वाकून. वर पोचल्यावर त्यांच्या अंगात उतारासाठी पाय शिल्लक असतात. चढावर कुणी मागं पडला की वरून आवाज येतो, "चांगभलं!" चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचवणाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलेला तोच शब्द. पळताना दम लागलेला असतो, त्यामुळं उत्तर अर्धंच येतं, पण येतं.

इंग्लंडच्या उत्तरेकडं डोंगरांना 'फेल' म्हणतात आणि तिथं डोंगरी शर्यतींची जुनी परंपरा आहे. वाट आखलेली नसते. शिखरं ठरलेली असतात, मधला रस्ता ज्यानं त्यानं शोधायचा. तिथला सगळ्यात मोठा माणूस जॉस नेलर. धंद्यानं मेंढपाळ. 1975 साली, वयाच्या 39 व्या वर्षी, त्यानं 24 तासांच्या आत 72 शिखरं पालथी घातली. 2024 मध्ये तो वारला. मला त्याच्या विक्रमापेक्षा त्याचा धंदा जास्त बोलका वाटतो. मेंढरांमागं वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसाला डोंगर कुठं ओला असतो, दगड कुठं हलतो, ढग आला की कुठल्या बाजूनं उतरायचं, हे शिकवावं लागत नाही. आमच्या मसाई पठारापलीकडच्या धनगरवाड्यांतली माणसं तशीच. दुधाच्या किटल्या घेऊन रोज ज्या वाटेनं ती उतरतात, त्या वाटेवर आम्ही घड्याळ लावून पळतो आणि घसरतो.

मसाई पठार पावसाळ्यात फार सुंदर असतं आणि तेवढंच फसवं. पन्हाळ्यावरून निघालं की म्हाळुंगे, मग जांभ्याचं ते लांबच लांब सपाट कातळ. याच बाजूनं जुलै 1660 च्या पावसाळी रात्री शिवाजी महाराजांची पालखी विशाळगडाकडं निघाली. सिद्दी जौहरचा वेढा मागं, बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं सोबत. दर जुलैत हजारो पोरं ती वाट दोन दिवसांत चालतात : कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी आणि मग पावनखिंड. शिवा काशिद, बाजीप्रभू यांची नावं आपण घेतो आणि घ्यायलाच हवीत. पण आम्ही पळणारे लोक असल्यामुळं मला त्या वाटेवर नेहमी भोई आठवतात. चिखलात, अंधारात, खांद्यावर पालखी आणि पालखीत राजा. त्यांची चाल कुणी मोजली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच पठारावर आम्ही सात जण चुकलो. पाऊस होता, पण एवढा नाही. मग ढग खाली उतरला आणि पाच पावलांवरचा माणूस दिसेना. सपाट कातळावर वाट अशी नसतेच, सगळीकडं सारखंच काळं आणि ओलं. थांबलो तर अंगातली ऊब गेली. दात वाजायला लागले, आणि आमच्यातला सगळ्यात हडकुळा पोरगा विचारलेल्याला उत्तर देईना. ही खूण वाईट. 2021 च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारठा आणि वारा सुटला आणि 21 धावपटू गेले. त्या दिवशी सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळं. त्यानं त्यांना आपल्या गुहेत नेलं आणि शेकोटी पेटवली. हे मला पठारावर आठवत होतं आणि मी कुणाला बोललो नाही. आम्हाला बाहेर काढलं म्हशींच्या घंटांच्या आवाजानं. आवाजाच्या दिशेनं गेलो तर इरलं पांघरलेला एक बाबा उभा. त्यानं शिव्या घातल्या, पोराला घरात नेलं, चुलीपुढं बसवलं, गरम दूध पाजलं. पैसे काढले तर पुन्हा शिव्या. त्या दिवसापासून पावसात डोंगरावर जाताना प्रत्येकाच्या पाठीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा शर्ट असतो, आणि किमान चौघं असल्याशिवाय कुणी पठारावर पाऊल टाकत नाही.

वर्षभराच्या सगळ्या रविवारांचा रोख असतो तो साताऱ्याकडं. 2012 साली सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन. शहरातून निघायचं, कासच्या रस्त्यानं यवतेश्वरचा घाट चढायचा, वर वळायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. 21 किलोमीटर आणि थोडं. डोंगरावरच्या सर्वाधिक धावपटूंच्या शर्यतीचा गिनेस विक्रम 2015 मध्ये तिच्या नावावर लागला. शिरोलीहून आदल्या दिवशी दोन गाड्या करून जायचं, कुणाच्या तरी पाहुण्याकडं वळकट्या टाकायच्या. शर्यत रविवारी असते, आमच्यातल्या कित्येकांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. एका वर्षी माझी सुट्टी ऐनवेळी नाकारली गेली आणि मी नाव भरलेला बिब नंबर मशीनशेजारच्या कपाटाला चिकटवून पाळी केली. तिकडं शर्यत सुटली होती तेव्हा मी इकडं पहिला पीस लावला. तो बिब अजून तिथंच आहे.

यवतेश्वरचा चढ लोक लक्षात ठेवतात. पाय मोडतो तो उतार. चढताना छाती आणि पोटऱ्या बोलतात. उतरताना मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणत ताणत वजन झेलतो, आणि त्यात त्याचे बारीक धागे फाटत जातात. त्या क्षणी काही कळत नाही. वेग मिळतो, वारा लागतो, खाली शहर आणि अजिंक्यतारा दिसत असतो, दोन्ही बाजूंना सातारकर टाळ्या वाजवत असतात, लहान पोरं हात पुढं करून उभी असतात. दुखणं दुसऱ्या दिवशी येतं. मामा पहिल्या वर्षी उतारावर सुटले ते सुटलेच. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी उतारावर बारीक पावलं टाकायला सुरुवात केली. पुढचा नंबर कुणाचा, ते बघणं सोडलं.

ताईंची गोष्ट वेगळी. त्यांना शर्यतीची भीती कधीच नव्हती, भीती होती ती सरावाची. पहाटेचा अंधार, महामार्गाचा सर्व्हिस रोड, भटकी कुत्री, गाडी हळू करून बघणारे. पहिलं वर्षभर त्या कंपनीच्या कंपाउंडच्या आतच फेऱ्या मारायच्या, वॉचमनच्या नजरेसमोर. सासूबाई म्हणायच्या, लोक काय म्हणतील. मग एका रविवारी ताई मेडल घेऊन आल्या. सासूबाईंनी ते देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं आणि कुणी आलं की आपणच दाखवायला लागल्या. आता ग्रुपमध्ये सहा बायका आहेत. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन 1984 ला सुरू झाली, त्याआधी त्या अंतराला बाईचं शरीर टिकणार नाही असंच मानत. ताई हे ऐकून म्हणाल्या, "त्यांनी कुणी कोअर शॉपमध्ये काम केलेलं नसणार."

आमच्यातल्या वर्कशॉपवाल्याच्या डोक्यात कॉम्रेड्स आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या दोन शहरांमधली शर्यत, जवळजवळ 90 किलोमीटर, डोंगरांवरून. रेल्वेत इंजिन चालवणाऱ्या विक क्लॅफम यानं पहिल्या महायुद्धातल्या मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती 1921 ला सुरू केली. तेव्हा 34 जण निघाले आणि 16 पोचले. आता हजारो असतात. कोल्हापूरचेही काही जण जाऊन आलेत. वेळ बारा तास. म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटं, बारा तासभर, चढ-उतारासह. बारावा तास संपला की अंतिम रेषेवर एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडं पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. मागं कोण येतंय, ते त्याला दिसू नये म्हणून. एक पाऊल राहिलेला माणूसही तिथंच थांबवला जातो. वर्कशॉपवाल्यानं त्याचा व्हिडिओ आम्हाला चहाच्या गाड्यावर दाखवला. मामांनी तो दोनदा बघितला आणि मोबाइल परत दिला.

"बार कुठंबी उडतोयच," ते म्हणाले. "पण तितवर आपल्या पायानं गेला की नाही तो?"

यंदाही साताऱ्याला आम्ही नऊ जण गेलो. आठ पोचलो. एकाचा घोटा मुरगळला, त्याला गाडीतून आणला. मामा त्यांच्या वयोगटात कितवे आले, ते त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं आणि त्यांना सांगितलं नाही. दुपारी जेवून निघालो, संध्याकाळी शिरोलीत. मामांची रात्रपाळी होती. अकराला ते गेटमधून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खात्यातला हेल्पर मला चहाच्या गाड्यावर भेटला. काळजीत होता. रात्रभर मामा भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर नीट चढत होते, पण उतरताना कठड्याला धरून, पाठ फिरवून, उलटे एकेक पायरी उतरत होते. काय झालं विचारलं तर फक्त हसले आणि एकच शब्द म्हणाले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"यवतेश्वर," तो म्हणाला. "तिथं काय हाय ओ सर? मलाबी घेऊन चला की."